नूनला जायचंय? आधी नकाशा, मग हवामान, मग इतिहास

गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स झाला, ‘ए’ ग्रेड मिळाली म्हणून ॲडव्हान्सही झाला, एखाददुसरं सहा हजारी शिखर पायाखालून गेलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: आता पहिलं सात हजारी कुठलं? त्यावर हमखास येणारं नाव म्हणजे नून. उंची ७१३५ मीटर. लडाखमध्ये, कारगिलच्या दक्षिणेला, सुरू नदीच्या खोऱ्यावर उभं. पायथ्याच्या गावापर्यंत गाडी जाते, रीतसर अर्ज केला की परवानगी मिळते, सामान वाहायला घोडे आणि माणसं मिळतात, आणि सहलीच्या जाहिरातीत ‘सोपं सात हजारी’ असं ठळक छापलेलं असतं. यातलं बाकी सगळं खरं आहे. ‘सोपं’ हा शब्द तेवढा विक्रीचा आहे.

सह्याद्रीत वाढलेल्या आपल्या लोकांची एक सवय आहे. किल्ल्याला जायचं तर आधी त्याचा इतिहास वाचायचा, वाटा विचारायच्या, पाणी कुठे आहे ते बघायचं आणि मगच पाठपिशवी भरायची. हिमालयात निघालो की मात्र ही सवय सुटते. सगळा वेळ बूट, जॅकेट आणि पैशांची जुळवाजुळव यात जातो; डोंगराची माहिती एजन्सीकडे असेलच असं आपण धरून चालतो. हा लेख त्या उलट क्रमाने लिहिला आहे. आणि आधीच सांगतो, सहा हजार मीटरवर एकदाही गेला नसाल तर नून अजून तुमच्यासाठी नाही. आधी कांग यात्से २ किंवा युनामसारखं एखादं सहा हजारी करून या, शरीर वर कसं वागतं ते बघा.

पहिली पायरी: डोंगर नकाशावर उभा करा

नून एकटं नाही. त्याच्या उत्तरेला कुन आहे, ७०७७ मीटरचं, आणि पूर्वेला पिनॅकल पीक, साधारण ६९३० मीटरचं. नून आणि कुन यांच्यामध्ये सुमारे चार किलोमीटर लांबीचं बर्फाचं पठार आहे. लांबून पाहिलं तर नून पांढरंशुभ्र दिसतं आणि कुन त्यापेक्षा काळपट, खडकाळ. फोटोत दोघांची अदलाबदल झालेली मी कितीदा तरी पाहिली आहे.

आता नदीकडे बघा, कारण या भागाची सगळी रचना नदीवरून कळते. सुरू नदी पेन्सी ला या खिंडीजवळच्या हिमनद्यांमधून निघते, रंगदुमच्या विस्तीर्ण मैदानातून वाहत येते, नून-कुनच्या उत्तर अंगाला वळसा घालून पार्काचिक, तांगोल, पानिखार, सांकू करत कारगिलकडे उतरते. म्हणजे कारगिलहून झंस्कारला जाणारा रस्ता या डोंगराच्या जवळजवळ निम्म्या अंगाला फेरी मारतो. वाटेत पार्काचिक हिमनदी रस्त्यावरून नदीपलीकडे समोरच दिसते, इतकी जवळ की तिच्या तोंडाचे तडकलेले कडे दुर्बिणीशिवाय मोजता येतात.

चढाईच्या दृष्टीने तीन बाजू लक्षात ठेवा. पश्चिमेची बाजू, म्हणजे तांगोल गावावरची सेंटिक हिमनदी आणि नूनची पश्चिम धार. हाच आजचा नेहमीचा मार्ग. उत्तरेची बाजू पार्काचिक हिमनदीची, भेगाळ आणि कठीण. ईशान्येची बाजू शाफात हिमनदीची. तिथून कुनला जातात. नवखी मंडळी इथे एक घोळ घालतात. नूनच्या नेहमीच्या वाटेवरही सेंटिक हिमनदीच्या वरच्या अंगाला एक सपाट हिमप्रदेश लागतो. जुन्या वर्णनांमधलं नून आणि कुनमधलं पठार वेगळं आणि हे वेगळं. दोन्हींना लोक नुसतं ‘प्लॅटो’ म्हणतात. कुठलाही वृत्तान्त वाचताना लेखक कुठल्या पठाराबद्दल बोलतोय ते आधी पक्कं करा, नाहीतर सगळ्या कॅम्पची उंची तुमच्या डोक्यात चुकीच्या जागी बसेल.

नकाशे कुठून आणायचे? सीमेलगतचा भाग असल्यामुळे सर्वेक्षण विभागाचे मोठ्या प्रमाणाचे, बारीक तपशिलाचे नकाशे सहजासहजी हाती येत नाहीत. लिओमान कंपनीचा कारगिल-झंस्कार-नून-कुनचा पत्रक-नकाशा १ : २,००,००० प्रमाणाचा आहे. खोरी, गावं, खिंडी समजायला उत्तम, चढाईला निरुपयोगी. त्यामुळे खरं काम संगणकावर करायचं. गूगल अर्थवर डोंगर फिरवून बघा, ओपनटोपोमॅप या इंटरनेटवरच्या नकाशातल्या समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) त्यावर ताडून बघा, आणि सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची चित्रं उघडा. ती फुकट असतात, दर पाच दिवसांनी नवी येतात आणि त्यात दहा मीटरपर्यंतचा तपशील दिसतो. मागच्या दोन-तीन वर्षांतली जुलै अखेरची आणि ऑगस्ट अखेरची चित्रं शेजारी शेजारी लावा. जुलैत जिथे सलग पांढरं दिसतं तिथे ऑगस्ट अखेरीस निळसर भेगांची जाळी उघडी पडलेली असेल. त्या जागा वहीत उतरवून ठेवा. वर गेल्यावर त्याच भेगांवर कच्च्या बर्फाचं झाकण असू शकतं, आणि वरून पाहताना काहीही कळत नाही.

हे चित्रांचं काम दर मोहिमेला नव्याने करावं लागतं, कारण डोंगर जागेवर असला तरी बर्फ जागेवर नाही. डेहराडूनच्या वाडिया इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी पार्काचिक हिमनदीचा अभ्यास केला आहे. १९७१ ते १९९९ या काळात ती वर्षाला सरासरी २ मीटर मागे सरत होती. १९९९ ते २०२१ या काळात तो वेग वर्षाला सरासरी १२ मीटर झाला. हिमनदी मागे गेली तर तिच्या खालच्या खळग्यांत तळी तयार होऊ शकतात, असाही त्यांचा निष्कर्ष आहे. पंधरा वर्षांपूर्वीच्या वृत्तान्तात ‘हिमनदीवर सहज उतरलो’ असं लिहिलं असेल, तर आज तिथे सुट्या दगडांचा उभा उतार असू शकतो. जुन्या वाटेवर पूर्ण विसंबू नका, एवढाच अर्थ.

खडकाबद्दल एक शब्द. आपला सह्याद्रीतला बेसाल्ट सोडून द्या. इथे उच्च हिमालयातले रूपांतरित खडक आहेत, नाइस आणि शिस्ट जातीचे, थरांत फुटणारे, आणि रोज रात्री गोठून दिवसा वितळणाऱ्या पाण्याने आणखी सुटे झालेले. हाताने ठोकून बघितल्याशिवाय कशावरही भार टाकायचा नाही.

दुसरी पायरी: हवामान कुठल्या दिशेने येतं ते समजून घ्या

लडाख म्हणजे वाळवंट, पाऊस नाही, त्यामुळे उन्हाळाभर आभाळ मोकळं, असं आपण धरून चालतो. लेहपुरतं ते बरंचसं बरोबर आहे. तिथे वर्षभरात जेमतेम १०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस-बर्फ पडतो. पण नून लेहमध्ये नाही. ते हिमालयाच्या मुख्य रांगेवर आहे. त्याच्या पश्चिमेला लोनविलाड गली ही खिंड ओलांडली की माणूस किश्तवाडच्या वारवान खोऱ्यात उतरतो, जिथे जंगल आहे, हिरवी कुरणं आहेत, पाऊस आहे. कोरडा लडाख आणि ओला किश्तवाड यांच्या सीमेवर हा डोंगर उभा आहे आणि तो दोन्हीकडचं हवामान घेतो.

हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ या भागात प्रचंड बर्फ टाकतात. सुरू खोऱ्यात लेहपेक्षा कितीतरी जास्त बर्फ पडतो. रंगदुम आणि पेन्सी लाचा रस्ता महिनोन्महिने बंद असतो. हाच बर्फ जूनमध्ये वरच्या उतारांवर साठलेला असतो. म्हणून जूनमध्ये भेगा झाकलेल्या, चाल जड आणि हिमस्खलनाचा धोका जास्त. जुलै-ऑगस्टमध्ये मोसमी वारे मुख्य रांगेच्या दक्षिणेला अडतात, पण पूर्ण अडत नाहीत. जोर असला तर रांग ओलांडून आत शिरतात. लडाखमध्ये आत शिरलेला पाऊस काय करू शकतो हे २०१० च्या ऑगस्टमध्ये लेहच्या ढगफुटीने दाखवलं. सप्टेंबरमध्ये हवा स्थिर होते, पण थंडी आणि वरचा वारा दोन्ही वाढतात.

यातून हंगाम असा निघतो: जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. आपल्याकडे सह्याद्रीत धो धो पाऊस असतो तेव्हाच. कॉलेजची किंवा ऑफिसची सुट्टी दिवाळीत मिळते म्हणून ‘ऑक्टोबर अखेरीस जाऊ या’ म्हणणारे गट असतात. त्यांनी दिवाळीत हरिश्चंद्रगडावर जावं, तोही डोंगर काही कमी नाही.

तापमानाचा अंदाज घरबसल्या काढता येतो. दर हजार मीटरला सरासरी ६.५ अंश घट धरा. कारगिल साधारण २६७० मीटरवर आहे, म्हणजे शिखर त्याच्यावर जवळपास साडेचार हजार मीटर. फरक सुमारे २९ अंशांचा. ऑगस्टमध्ये कारगिलला पहाटे १५ अंश असेल तर शिखराच्या आसपास उणे १४ च्या जवळ. त्यात वारा धरला नाही. उणे १५ अंशांत ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे २७ सारखं लागतं. शिखराच्या चढाईचे सगळ्यात थंड तास नेमके पहाटेचे असतात, तेव्हा हातमोज्यांचा विचार याच आकड्यावर करा.

आता अंदाज कसा वाचायचा. मोबाइलवरच्या साध्या हवामान ॲपमध्ये ‘पानिखार’ टाकून काही कळणार नाही. ते खोऱ्याचं हवामान सांगतं. विंडीसारख्या हवामानाच्या संकेतस्थळावर वाऱ्याचा स्तर निवडता येतो. हे स्तर हवेच्या दाबावरून, हेक्टोपास्कलमध्ये, ओळखले जातात; आकडा जितका लहान तितका स्तर उंच. ५०० हेक्टोपास्कलचा स्तर उन्हाळ्यात साधारण ५८०० मीटरवर असतो, म्हणजे वरच्या कॅम्पांच्या उंचीचा. ४०० हेक्टोपास्कलचा स्तर साडेसात हजार मीटरच्या आसपास, म्हणजे शिखराच्या थोडा वर. हे दोन स्तर निघण्याच्या महिनाभर आधीपासून रोज बघायला लागा. महिन्याभरात तुम्हाला त्या जागेची लय कळते: वारा कधी चढतो, पश्चिमेकडून ढग आले की किती दिवस राहतात, मधे किती दिवसांची उघडीप मिळते. घरी बसून बेस कॅम्पला अंदाज कळवणारा कुणी असेल, तर त्यालाही हेच स्तर बघायला शिकवून ठेवा.

आणि रोजचं हवामान वेगळं. दुपारनंतर बर्फ भुसभुशीत होतो, भेगांवरचे पूल कच्चे होतात, ओढे फुगतात. सकाळी घोट्याएवढं असलेलं हिमनदीचं पाणी दुपारी मांडीला लागतं. म्हणून हिमनदीवरची सगळी चाल पहाटे सुरू करून सकाळीच संपवायची.

तिसरी पायरी: आधी कोण कुठून गेलं, कोण परत आलं

इतिहास वाचायचा तो अभिमानासाठी नव्हे, मार्गासाठी. नून-कुनचा इतिहास तसा वाचला तर फार काही देतो.

श्रीनगरच्या मिशन इस्पितळातले डॉक्टर आर्थर नीव १९०२, १९०४ आणि १९१० अशा तीन वेळा इथे येऊन गेले. १९०३ मध्ये डच गिर्यारोहक सिलेम आले. नून आणि कुनमधलं ते उंच पठार त्यांनीच शोधलं आणि नूनवर सुमारे ६४०० मीटरपर्यंत ते पोचले. १९०६ मध्ये अमेरिकेच्या फॅनी बुलक वर्कमन आणि त्यांचे पती विल्यम हंटर वर्कमन आले. सत्तेचाळिसाव्या वर्षी फॅनीबाई पिनॅकल पीकवर चढल्या. त्या काळचे कपडे, त्या काळची साधनं आणि पायात लांब स्कर्ट, हे लक्षात घेतलं तर हे काम अफाट होतं. उंची त्यांनी २३,३०० फूट सांगितली, जी प्रत्यक्षापेक्षा जास्त निघाली. तरी बायकांनी गाठलेल्या उंचीचा तो विक्रम १९३४ पर्यंत टिकला.

बाईंचा स्वभाव मोठा गमतीचा. अमेरिकेच्याच ॲनी पेक यांनी पेरूमधल्या हुआस्कारानवर आपण जास्त उंची गाठली असं म्हटल्यावर फॅनीबाईंनी पदरचे पैसे खर्चून सर्वेक्षक पाठवले, तो डोंगर मोजून घेतला आणि दावा खोडून काढला. पण स्वतः त्यांनी नून-कुनचा जो नकाशा केला, त्यात पक्के मोजलेले बिंदू इतके थोडे होते की पुढच्यांना तो कामाला आला नाही. नामांकित माणसाने काढलेला नकाशाही जागेवर तपासून घ्यायचा असतो. आज जीपीएसच्या जुन्या ट्रॅकबद्दल हेच म्हणता येईल. दुसऱ्याचा ट्रॅक फोनमध्ये घालून डोळे मिटून त्यावर चालणारे लोक दिसतात, आणि तो ट्रॅक कुठल्या महिन्यातला आहे, हे त्यांनी पाहिलेलंही नसतं.

कुन १९१३ मध्ये इटलीच्या मारिओ पियाचेन्झा यांच्या मोहिमेने सर केलं. त्यानंतर नूनवर माणूस पोचायला चाळीस वर्षं गेली. मधे दोन महायुद्धं झाली हे एक कारण. १९३४, १९३७ आणि १९४६ चे प्रयत्न फसले हे दुसरं. १९५३ च्या उन्हाळ्यात बर्नार पिएर यांच्या नेतृत्वाखाली फ्रेंच, स्विस, भारतीय आणि शेर्पा अशी मिश्र मोहीम आली. त्यांनी पश्चिम धार निवडली. २८ ऑगस्टला दोघं शिखरावर पोचले: क्लोद कोगान आणि पिएर व्हित्तोझ. व्हित्तोझ हे लडाखात काम करणारे मोरावियन मिशनरी, हाडाचे गिर्यारोहक. कोगान त्या काळातल्या आघाडीच्या गिर्यारोहक. पुढे १९५९ मध्ये चो ओयूवर महिलांच्या मोहिमेचं नेतृत्व करताना हिमस्खलनात त्या गेल्या. म्हणजे कुठल्याही सात हजारीवर बायका सहसा दिसत नसत त्या काळात या एका पर्वतसमूहाच्या दोन मोठ्या चढायांत बायका पुढे होत्या. महाराष्ट्रातून मोहिमेला निघणाऱ्या मुलींना घरून ‘तुला जमेल का’ विचारलं जातं तेव्हा सांगायला ही नावं बरी आहेत.

या सगळ्यातून मार्गाबद्दल काय मिळालं? पश्चिम धार १९५३ मध्ये जमली आणि आजही तीच नेहमीची वाट आहे. ऑगस्ट अखेर तेव्हाही जमली, आजही जमते. आणि जुने प्रयत्न फसल्याच्या कहाण्या वाचताना थांबून विचारा: हवेमुळे, मार्गामुळे, की माणसं दमल्यामुळे? यशाच्या वृत्तान्तात शिखराचा फोटो असतो. फसलेल्या वृत्तान्तात कॅम्प कुठे लावू नये ते असतं. हिमालयन क्लबचं कार्यालय मुंबईत आहे आणि त्यांच्या जर्नलचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. नून-कुनवरचे सगळे लेख काढा, गटातल्या प्रत्येकाला एकेक वाटून द्या, आणि एका संध्याकाळी बसून प्रत्येकाला त्यातला मार्ग फळ्यावर काढायला सांगा. ही संध्याकाळ गटाच्या दहा व्यायामांपेक्षा उपयोगी.

चौथी पायरी: कागदपत्रं

शिखराचं बुकिंग दिल्लीच्या इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनकडे, म्हणजे आयएमएफकडे करायचं. नेत्याचा अनुभव, सदस्यांची कोर्सची प्रमाणपत्रं, वैद्यकीय दाखले, मार्ग आणि तारखा द्याव्या लागतात. हंगामात एकाच मार्गावर बरेच गट असतात, त्यामुळे अर्ज काही महिने आधी करा. विमा काढताना पॉलिसीतली उंचीची मर्यादा वाचा. ट्रेकिंगच्या पुष्कळ पॉलिसी सात हजार मीटरपर्यंत चालत नाहीत.

दोन गोष्टींवर पुष्कळ जण अडकतात. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमकार्डं लडाखमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड लागतं. आणि परदेशातल्या मित्राने आणून दिलेला सॅटेलाइट फोन किंवा खिशात मावणारा उपग्रह-संदेशक परवान्याशिवाय जवळ बाळगणं भारतात गुन्हा आहे. विमानतळावर पकडले जाल. परवाना असलेली सोय आधी करा किंवा वॉकीटॉकी आणि गावातल्या माणसामार्फत निरोप पोचवण्याची साखळी ठरवा.

पाचवी पायरी: वर जाण्याआधी शरीराला वेळ

कारगिलला दोन बाजूंनी जाता येतं. श्रीनगरहून सोनमर्ग, झोजी ला, द्रास करत. किंवा विमानाने लेहला उतरून तिथून पश्चिमेला. श्रीनगर १६०० मीटरवर आहे, त्यामुळे तिकडून चढ हळूहळू मिळतो. लेह थेट ३५०० मीटर. तिथे पहिले दोन दिवस गप्प पडून राहायचं, मग आसपास चढउतार करायचे. माझं मत लेहच्या बाजूचं आहे, पण दोन दिवसांची विश्रांती खरोखर घेणार असाल तरच. पहिल्याच संध्याकाळी बाजारात मोमो शोधत फिरणार असाल तर श्रीनगरहूनच या.

तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त चढवायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम तिथेच. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपायचं. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो; नूनच्या माथ्यावर साधारण चाळीस-बेचाळीस टक्के. हा फरक तयारीच्या पळण्याने भरून निघत नाही. सिंहगड पाठीवर वीस किलो घेऊन दीड तासात करणारा मुलगाही वर डोकं धरून बसलेला असतो, आणि शेजारचे पन्नाशीचे काका निवांत चहा करत असतात.

डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं ही सुरुवात, तिथेच थांबा. बसल्या जागी धाप, ओला खोकला, ओठ निळे पडणं म्हणजे फुप्फुसात पाणी. चाल लटपटणं, भलतंसलतं बोलणं म्हणजे मेंदूला सूज. या दोन्हींत औषध देत थांबायचं नसतं, रात्र असो की पाऊस, माणसाला खाली उतरवायचं. शंका आली तर त्याला सरळ रेषेत पायापुढे पाय टाकून चालायला लावा. जमलं नाही तर वाद न घालता निघा. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची की नाही, किती, हे डॉक्टरांशी घरी असतानाच ठरवा, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर.

सहावी पायरी: खोऱ्यात वागणं

सुरू खोऱ्यातली गावं बहुतांशी शिया मुस्लिम आहेत, भाषा पुरिग. इथे ‘जुले’ या लडाखी नमस्काराऐवजी सलाम करा, जुले रंगदुमपासून पुढे, बौद्ध गावांत. मोहरमच्या दिवसांत मोठ्याने गाणी, आरडाओरडा नको. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जवाची कापणी असते, तेव्हा माणसं आणि घोडे कमी मिळतात. तारखा आणि मजुरी आधी फोनवर पक्की करा, आणि ठरलेल्या पैशांत परतीच्या वेळी घासाघीस करू नका.

सातवी पायरी: प्रत्यक्ष चढाई

तांगोलहून बेस कॅम्प साधारण ४६०० मीटरवर, सेंटिक हिमनदीच्या बाजूला. पहिला कॅम्प ५४०० च्या आसपास. इथवरची चढण हिमनदीच्या कडेच्या दगडगोट्यांतून आणि मग उभ्या बर्फातून. दुसरा कॅम्प ५५०० च्या आसपास, म्हणजे उंचीत फारसा फरक नाही, पण मधे तो सपाट हिमप्रदेश ओलांडायचा असतो. तिसरा सहा हजारांच्या वर, धारेजवळ. तिथून शिखर आणि परत, एका दमात.

लोकांना भीती तिसऱ्या कॅम्पच्या वरच्या उभ्या भागाची वाटते. तिथे दोर लावलेला असतो, हातात जुमार (दोरावर चढताना धरायची पकड) असतो, डोळ्यांना धोका दिसत असतो. मला विचाराल तर जास्त सांभाळायचा तो सपाट भाग. सपाट आहे म्हणून लोक दोर सोडून चालतात, गप्पा मारतात, फोटो काढतात. आणि खाली झाकलेल्या भेगा असतात. ढग उतरले की आभाळ आणि जमीन एकाच पांढऱ्या रंगाची होते, समोरच्याच्या पाठीपलीकडे काही दिसत नाही. जाताना दर शे-दीडशे पावलांवर बांबूच्या काठ्या, त्यावर लाल फडकी. होकायंत्रावर दिशा घेऊन वहीत लिहिलेली. आणि सगळे एका दोरात, ताणलेल्या दोराने. इथे सवलत नाही.

भेगेत पडलेल्याला काढायची कप्पी-पद्धत कोर्समध्ये एकदा केलेली असते आणि विसरलेली असते. ती सह्याद्रीत पुन्हा गिरवता येते. एखाद्या कड्याच्या माथ्यावर नांगर (दोर अडकवायचा पक्का आधार) लावा, पाठपिशवीत दगड भरून खाली सोडा आणि तिघांनी मिळून वर ओढा. मग तेच हातमोजे घालून करा, मग अंधारात करा. बर्फातला नांगर कसा लावायचा ते अर्थात बर्फातच शिकावं लागतं, बेस कॅम्पवर त्यासाठी एक पूर्ण दिवस ठेवा.

सामानाची यादी एजन्सी देते, त्यामुळे मोजकंच सांगतो. दुहेरी बूट भाड्याने घेणार असाल तर क्रॅम्पॉन (बुटाखाली बसवायचे टोकदार काटे) त्याच बुटांवर बसवून, घट्ट करून, घरी तासभर चालून बघा. गॉगल कॅटेगरी ४ चा, म्हणजे सर्वांत गडद काचेचा, आणि जास्तीचा एक. हातमोज्यांची जादा जोडी शिखराच्या दिवशी आतल्या खिशात. गॅस बर्फ वितळवण्यासाठी लागतो, स्वयंपाकासाठी नव्हे. त्या हिशेबाने जास्त न्या. पुरणपोळ्या, चकल्या, लाडू पहिल्या कॅम्पपर्यंत रुचतात, त्याच्या वर गोड पेय आणि सूप सोडून फारसं काही घशाखाली उतरत नाही.

शिखराच्या दिवशी मध्यरात्रीच्या आसपास निघायचं. परतीची वेळ निघण्याआधी ठरवायची, वहीत लिहायची आणि ती पाळायची जबाबदारी ज्याला शिखराची सर्वांत कमी हौस आहे अशा माणसाकडे द्यायची. तीन ते साडेतीन आठवड्यांच्या मोहिमेत हवेसाठी राखीव दिवस किमान तीन-चार ठेवा. परतीचं विमान बदलता येणाऱ्या तिकिटाचं घ्या. पुण्याचं पक्कं तिकीट हातात असलं की माणसं खराब हवेत वर जातात. हेलिकॉप्टरच्या भरवशावर तर मुळीच राहू नका. ते मागवायची प्रक्रिया असते, हमी द्यावी लागते, आणि हवा खराब असेल तर ते उडत नाही.

आठवी पायरी: उतरल्यावर

वरचे तंबू, दोर, रिकामे गॅसचे डबे, काठ्या, सगळं खाली. कचरा बेस कॅम्पला पुरून टाकण्याची पद्धत बंद करा, बर्फ वितळला की तो तांगोलच्या पाण्यात येतो.

महिन्याभरात आयएमएफला अहवाल द्या आणि आपल्या क्लबमध्येही एक प्रत ठेवा. त्यात शिखराच्या फोटोपेक्षा हे लिहा: कुठल्या तारखेला कुठल्या उंचीवर भेगा उघड्या होत्या, कॅम्पच्या जागांचे अक्षांश-रेखांश, पाणी कुठे मिळालं, कुठला ओढा किती वाजता फुगला, वारा कुठल्या दिवशी कुठून आला, किती मीटर दोर लागला, कोण कुठून आणि का परत फिरलं. तांगोलच्या घोडेवाल्यांना दिलेली मजुरीही लिहा, पुढच्या गटाला नेमका तोच आकडा कुणी सांगत नाही.